लाखी लुगडं

५ सप्टेंबर १९५७, गुरुवार

आज पुन्हा बाहेर काढलं मला! दारासुरमला. सकाळी कॉफीचा पेला खाली ठेवता ठेवता म्हणाले, "नऊच्या बसनं जातो आहोत." झालं. विचारणं नाही, पुसणं नाही. इडलीचं वाटायचं राहिलं ते तसंच झाकून निघाले.

यांना पेन्शनीत निघून पाच वर्षं झाली. पाचही वर्षं घरात बसून माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या — तूरडाळ, उडीद, जिरं. जशी काही मला तूरडाळ ओळखू येत नव्हती! आणि आता गेल्या महिन्यापासून हा नवा छंद. दर गुरुवारी कुठंतरी.

खोटं कशाला लिहू, मजा येते. बसमध्ये खिडकी मला. देवळातल्या त्या गाणाऱ्या पायऱ्या, खड्यानं वाजवल्या की सूर निघतो. मी दोनदा वाजवल्या. हे छत्री धरून बाजूला. "हळू. फुटेल." दगड फुटेल म्हणे!

९ सप्टेंबर

नणंद आली होती. पंकजा, मागच्याच गल्लीत राहते. यांची साठीशांत तिनं अंगावर घेतली आहे. कार्तिकात साठ पुरी होतात. जन्म हेविळंबी संवत्सरातला, आणि साठ वर्षांनी तेच संवत्सर फिरून आलं आहे. तेव्हा आम्हा तंजावरकडच्या मराठी माणसांतही, इथल्या रीतीप्रमाणं, तिरुक्कडैयूरच्या देवळात जाऊन पुन्हा लग्न. तोच नवरा, तीच बायको, नवं मंगळसूत्र.

"वहिनी, तुमचें भाग्य केवढें! अस्क्यांस, सगळ्यांस, हें लाभत नाही."

मी "होय" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण ती गेल्यावर डाळ करपली, आणि दिवसभर मी या खोलीतून त्या खोलीत.

१९ सप्टेंबर, गुरुवार

तिरुभुवनम. लग्नाचं लुगडं मागावर घालायला सांगायचं होतं. विणकरानं रेशमाच्या लडी पुढं टाकल्या. एक पोपटी होती, कोवळ्या भातासारखी. मी नुसता हात ठेवला तिच्यावर. यांनी पाहिलंही नाही. "लाखी. पुष्कळ टिकतं." विणकर माझ्याकडं बघत राहिला बिचारा. मग लाखी, लाखेसारख्या काळपट लाल रंगाची लड उचलली.

परत येताना मोगऱ्याचा गजरा घेऊन दिला. खरं सांगायचं तर गजरा सुरेख होता. पण कुणी मला विचारलं का, मोगरा हवा की केशरी कनकांबरं?

२० सप्टेंबर

लाखी!

२६ सप्टेंबर

नवरात्र. पाटांच्या पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडल्या आहेत. चंदनाच्या राजा-राणीच्या बाहुल्या माझ्या आईनं माझ्याबरोबर दिलेल्या. त्यांच्याकडं बघत किती वेळ बसले कोण जाणे.

मी अकरा वर्षांची होते. पहाटेचा मुहूर्त. बाबांच्या मांडीवर झोपलेच होते. हलवून उठवलं, तर समोर धूर, आणि एक उंच मुलगा डोळे चोळत उभा. मी म्हटलं, मला झोपायचंय. सगळे हसले. एवढंच माझं लग्न.

माणूस वाईट नाही. त्रेचाळीस वर्षांत हात उगारला नाही, उपाशी ठेवलं नाही, भागीरथीला — माझ्या लेकीला — शिकू दिलं. पण त्रेचाळीस वर्षांत एक प्रश्न नाही! सांगतात. नेहमी सांगतात. ती पंचवीस मैलांवरची बदली, भागीरथीचं मद्रासचं स्थळ, घराला रंग कुठला — सगळं मला झाल्यावर कळलं. आता दुसऱ्यांदा लग्न, तेही तसंच कळलं.

नाही करायचं मला.

लिहिलं बाई एकदाचं!

३ ऑक्टोबर

दसरा. पंकजा यादी घेऊन आली. कुणाला बोलवायचं, कुणाला कुठं उतरवायचं. कल्याणरामशास्त्री पण आले, आमचे गुरुजी. सगळे बोलत होते, मी सोनं वाटत होते. नाही करायचं, नाही करायचं — दर पानाला मनात एकदा. तोंड उघडलं नाही. मेलं माझं तोंड!

१० ऑक्टोबर, गुरुवार

बोलले.

साक्कोट्टैला गेलो होतो. देऊळ रिकामं. ओवरीत बसलो, यांनी फिरकीच्या तांब्यातलं पाणी काढलं, भुईमुगाची पुडी सोडली. शेंगा सोलून दाणे माझ्यापुढं ठेवत होते. असं करतात हे, सांगत नाहीत. आणि मध्येच म्हणाले, "तिरुक्कडैयूरला आदल्या दिवशी जातो आहोत."

मला काय झालं कुणास ठाऊक. म्हटलं, "तेव्हां मज कोणी विचारिलें नाही. आतांही कोणी विचारीत नाही. मी कां येऊं?"

हे तसेच शेंगा सोलत राहिले. माझ्याकडं न बघता म्हणाले: "मजही कोणी विचारिलें नव्हतें. आई आजारी म्हणून पत्र आलें. तंजावरहून धावत आलों, तर दारीं मांडव."

हे मला ठाऊक नव्हतं. त्रेचाळीस वर्षं ठाऊक नव्हतं! तो मुलगा डोळे का चोळत होता ते आज कळलं. पण मी अडूनच बसले. म्हटलं, "तर मग तुम्हांस तरी कळावयास हवें होतें."

बसमध्ये खिडकी मात्र मलाच दिली.

१२ ऑक्टोबर

अजून बोलत नाहीत. मीही नाही. डब्यांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा नव्यानं लिहिताहेत.

१४ ऑक्टोबर

आज भलतंच झालं. पंकजा आणि शास्त्री मुहूर्त पक्का करायला आले. हे आतून आले, उभ्यानंच म्हणाले, "साठीशांत होत नाही. जन्म हेविळंबीतला नव्हे, दुर्मुखीतला. साठ गेल्या वर्षींच पुरी जाहलीं."

पंकजानं कपाळावर हात मारला. शास्त्री म्हणाले, पत्रिका बघू. यांचं उत्तर: "वाळवीनें खाल्ली. मी नक्कल करून ठेविली होती, ती काल मिळाली." शास्त्र्यांनी मान डोलावली. "सरि, सरि. व्यंकोबारावांच्या तारखेवर मी काय बोलणार!"

खरंच आहे. यांची रजिस्ट्रार कचेरीत तीस वर्षं गेली. कागदावर एक तारीख चुकली तर माणसाला मन्नारगुडीपर्यंत परत पाठवायचे. त्यांच्या शब्दावर कोण बोलणार? आता पुढची शांत सत्तराव्या वर्षी. नऊ वर्षांनी! तोवर कोण असतं, कोण नसतं.

सुटले.

१५ ऑक्टोबर

सुटले ना? मग हे असं का होतंय? सकाळपासून तीनदा पाणी प्याले, तीनदा दाराशी जाऊन आले. पंकजा बाहेर सगळ्यांना सांगत सुटली आहे, वहिनीचं नशीबच नाही. माझं नशीब! मी नको म्हणणार होते, बाई. माझं 'नको' तोंडातच राहिलं आणि वर कीव पदरात आली. त्या मेल्या संवत्सराला तरी आत्ताच बदलायचं होतं!

१७ ऑक्टोबर, गुरुवार

कुठंच गेलो नाही. पाऊस. नऊची बस कोपऱ्यावरून गेली तेव्हा दोघांनीही मान वर केली.

२२ ऑक्टोबर

दिवाळी. यांना तेल लावलं. डोक्यावर केस उरले नाहीत, तरी रीत म्हणून दोन थेंब जास्त. "पोदुम," म्हणाले, पुरे. माझ्याशी बारा दिवसांतला पहिला शब्द. मी हसले. का हसले ते माहीत नाही.

६ नोव्हेंबर

तिरुभुवनमचा विणकर लुगडं देऊन गेला. मागावरचं काढून टाकता येत नाही म्हणाला. लाखीच. मला अजिबात आवडलेलं नाही. पोत मात्र मऊ आहे.

९ नोव्हेंबर

लुगडं ठेवायला सासूबाईंची पेटी उघडली. तळाशी पिवळ्या फडक्यात एक गुंडाळी. यांची पत्रिका!

वाळवीचं एक भोक नाही. कडेची हळदसुद्धा तशीच. सासऱ्यांचं मोडी अक्षर, बाबांनी मला मोडी शिकवलेली, लख्ख वाचलं: हेविळंबी नाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी.

दुसऱ्यांदा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

पेटीपाशी फतकल मारून बसले आणि रडले. खूप रडले. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याची खोटी तारीख चालू दिली नाही, त्यानं बहिणीसमोर, गुरुजींसमोर उभं राहून स्वतःच्या जन्माची खोटी तारीख सांगितली. मला चार माणसांत 'नको' म्हणायला लागू नये म्हणून. आणि मला काही सांगितलं नाही! शहाण्या माणसा, मी बारा दिवस तुला पाण्यावरच्या तेलासारखं दूर ठेवलं!

पंचमी मंगळवारी. अजून तीन दिवस आहेत.

फडकं पुन्हा तसंच गुंडाळून ठेवलं.

१० नोव्हेंबर

अंगण झाडताना ठरवलं. भांडी घासताना मोडलं. आता या वयात मी असं विचारायचं म्हणजे! आमच्यात कधी कुठल्या बाईनं विचारलंय?

११ नोव्हेंबर

पंकजाकडं गेले नाही, शास्त्र्यांकडं गेले नाही. तिरुक्कडैयूरला रोजचीच लग्नं, तिथं गुरुजींना तोटा नाही. स्टेशनावर जाऊन मायावरमच्या गाडीची वेळ मात्र विचारून आले. एकटी गेले! साडेआठ. पुढं बस मिळते.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे कॉफीचा पेला हातात दिला आणि विचारलं. "आज कार्तिक वद्य पंचमी. मजशीं लग्न करितां कां?"

पेला हातातच राहिला. पेटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. आणि म्हणाले, "विचार करून सांगतों."

साडेसात वाजले. अजून अंगणात फेऱ्या घालताहेत! मी लाखी लुगडं नेसून बसले आहे.