बाजारातली तुझी जागा

आई, अर्नाळ्याच्या मासळी बाजारातली तुझी जागा आज मी वहिनीच्या हवाली केली. आजीकडून तुझ्याकडे आली तशी ती लेक म्हणून माझ्याकडे यायची होती. तू गेल्यापासून वहिनीच तिथे बसते, पण बाजारातल्या बाया जागा अजून माझीच मानत होत्या. ‘लेक नको म्हनत नाय तवर सुनेची नाय,’ म्हणायच्या. म्हणून आज त्यांच्यासमोर जाऊन मी नको म्हटलं.

तुला आवडलं नसतं, ठाऊक आहे. हिमनदीच्या बर्फातले जिवाणू शोधायचं काम घेतलं, हे सांगायला आले तो दिवस अजून दिसतो. तू पापलेटांवर बर्फ पसरतेस आणि मान वर न करता म्हणतेस, ‘बरफातच हात घालायचे व्हते, तं माझा बाजार काय वाईट व्हता गो? आनि बरफात ठेवतात ते मेलेलं. जित्याला कोन ठेवतं?’ शेजारच्या बाया खो खो हसतात. त्याचं उत्तर आज देते. त्या बर्फात जिवंत असतं, आई. आपल्या उकाड्यात ते मरेल, पण गोठत्या थंडीत हळूहळू वाढतं. काचेच्या बशीत एक ठिपका दिसावा म्हणून मी आठवडेच्या आठवडे थांबते. त्याचा उपयोग काय, हे तूच नाही, माझे वरिष्ठही विचारतात. खरं तर कधी कधी मीही विचारते. तरी पुन्हा जन्म मिळाला तर हेच करीन.

तुझ्यामुळे एक नमुना मात्र वाया गेला. पहाडावर पहिल्यांदा बर्फ काढला आणि मास्क खाली ओढून मी तो हुंगला, बर्फवाल्याने आणलेली लादी तू हुंगायचीस तसा. माझ्या श्वासातले जिवाणू त्यात गेलेच असणार. सर ओरडले, ‘हे कुठे शिकलात?’ ‘घरी,’ म्हटलं, आणि दुसरा काढला.

आज वहिनी म्हणाली, ‘ताई, द्यायच्या आधी एकदा बसा तरी.’ बसले. तेवढ्यात एक बाई आली, सुरमई उचलून म्हणाली, ‘कशी दिली?’ मी भाव सांगितला, वहिनी सांगते त्याहून चढा. तिने बरीच घासाघीस केली. मी उतरले नाही. शेवटी घेतली तिने.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं सांगते. ती बाई गेल्यावरही मी लगेच उठले नाही.