सूर्यभानचा तांब्या

३ नोव्हेंबर १९७२
पोचलो एकदाचे मिरजगावात! एसटीने हाडं खिळखिळी केली, पण धर्मशाळा झकास आहे. जाड भिंती, आत गारवा. लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःची चूल मिळाली म्हणून चांगुणा हरखून गेलीय. माझं काम सरळ: दुष्काळात या जुन्या इमारतीचं पाणी वाचवायचं. गळके नळ बदलायचे, छपराला पन्हळी लावायच्या, मोरीचं सांडपाणी नळीने परसातल्या टाकीत न्यायचं. विश्वस्तांना म्हटलं, थेंब वाया गेला तर नाव बदलीन.

५ नोव्हेंबर
झाडलोट करणारी राहीबाई रोज दिवेलागणीला मोरीच्या भोकात तांब्याभर चांगलं पाणी ओतते. टँकरवर बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्याच बाकी आहेत, आणि ही बया! चांगलं खडसावलं. तर म्हणते, "सायेब, मोरीखाली सूर्यभान हाय. हितं आड खांदताना दरड कोसळली, पानी पानी करत गेला. त्येला पाजल्याबिगर हितं कुनी पीत न्हाई." मला हसू आवरेना. मेलेल्याला कसली आलीय तहान!

७ नोव्हेंबर
नवी नळी बसवली. जुनं भोक सिमेंटने बुजवून टाकलं. राहीबाई रडत काम सोडून गेली. जाईना का.

१० नोव्हेंबर
टाकीत पाणी येतच नाही. सांधे तपासले, गळती कुठेच नाही. सकाळी माठही रिकामे, बूडसुद्धा ओलं नाही. चांगुणाला सारखी तहान लागते, ओठ फुटलेत. हवा कोरडी आहे म्हणून तिची समजूत घातली. खरं सांगायचं तर मी घाबरलोय.

१२ नोव्हेंबर
ती रडते, पण डोळ्यांतून पाणी येत नाही. घोट घोट पाजलं तरी जीभ लाकडासारखी. ती प्यायली की मोरीखाली कोणीतरी गिळतं — मी ऐकलं. उचलून उंबऱ्याबाहेर नेलं तर तिचा श्वासच अडकला. परत आत आणलं.

१३
टँकर आला नाही. सिमेंट फोडलं. चुकलं माझं, सूर्यभान, म्हणालो — गावात तांब्याभर पाणी मागत हिंडलो. "त्या घरासाठी?" म्हणतात आणि दारं लावून घेतात. राहीबाई गाव सोडून गेलीय. चांगुणा बोलत नाही. नुसती बघते.

घरात ओलं असं एकच — शाईची बाटली. ओतली.

गिळली त्याने.

चांगुणाचे ओठ ओले झाले. काळे. देवा, ओले झाले! अजून मागतोय. पेनात उरलीय ती पण —