दोरीवरच्या पिशव्या

सोमवार, ४ मार्च

कचऱ्याच्या गाडीवालीने आमची बादली परत केली. सगळ्या जिन्यादेखत! "आजोबा, ओल्यात बाटल्या, सुक्यात भाजी. असं एकत्र केलेलं मी नाही घेणार." भाजी पातेल्यासकट होती. पातेलं आमचंच.

कोपऱ्यावरचा ढीग पार रस्त्यात आलाय, तेव्हापासून नियम कडक झालेत. तिचं काही चुकलं नाही. पण या इमारतीला ओलं-सुकं वेगळं करायला शिकवलं ते आमच्या हिनेच, हे तिला कोण सांगणार!

मंगळवार, ५ मार्च

काय दिवस होते! कचरा वेगळा करा असं कुणी म्हणतही नव्हतं, तेव्हा ही दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, उलट्या करून चिमट्याने दोरीवर लावायची. माझ्या सदऱ्यांना जागा नाही! "पिशव्यांचा काय तो थाट, आणि आम्ही खुर्चीच्या पाठीवर," मी चिडवायचो. "सदरा ओला राहिला तर तुम्ही फार तर शिंकाल. पिशवी घाण राहिली तर कचरा निवडणारीचे हात बरबटतात." झालं, माझा सदरा पुन्हा खुर्चीच्या पाठीवर.

सालं कुंडीत, जुन्या चादरींची पायपुसणी, रिकामे डबे डाळीला. काही टाकायचं म्हणजे हिच्या जिवावर यायचं. आठवड्याचा कचरा ओंजळभर! त्या दोरीखालून वाकून जाण्याचा मला किती वैताग यायचा. आज ती दोरी रिकामी बघवत नाही.

गुरुवार, ७ मार्च

हल्ली हिला काही आठवत नाही. हाताला येईल ते बादलीत. रोज सकाळी मी हातमोजे चढवून उपसतो. काल किल्ल्या, आज हिचाच चष्मा.

लेकीचा फोन. "बाबा, वृद्धाश्रमात नर्स असतात, आईची नीट काळजी घेतील. तुम्ही कुठवर बादल्या उपसणार? रविवारी प्रवेशाचे कागद घेऊन येते." "बघू," म्हणून फोन ठेवला.

शनिवार, ९ मार्च

भिंतीवरचा लग्नाचा फोटो गायब! सुक्या बादलीत नुसती चौकट. सुक्याची एक पिशवी आधीच गाडीत गेलेली, आणि गाडी तर निघालेली. तसाच अनवाणी खाली धावलो. गाडीवालीने गाडी थांबवली, माझ्याबरोबर पिशव्या उपसल्या. नाही मिळाला. "जाऊ द्या आजोबा, फोटोच होता ना?"

आम्ही दोघंच हिच्या लेखी कचरा झालो, तर मी कुणासाठी हट्ट धरायचा? लेकीला कळवलं: आण कागद.

रविवार, १० मार्च

सकाळी गॅलरीत गेलो. दोरीवर दुधाच्या दोन पिशव्या, स्वच्छ धुतलेल्या. त्यांच्या मध्ये, चिमट्याला, आमचा फोटो. तोही धुतलेला! माझी अर्धी मिशी वाहून गेलीय.

ही शेजारी येऊन उभी राहिली. "अहो, कोण हो हे दोघं? ओळखीचे वाटत नाहीत. पण टाकवेना."

लेकीला फोन केला. ये, म्हटलं, पण नुसती जेवायला ये.