परमिटवरचं नाव

मुलुंड (पश्चिम),
रविवार, ता. ९ फेब्रुवारी १९८६

ती. दादा यास,

धाकट्या गुणाजीचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तू आणि वहिनी बरे असाल. अक्षरं मुद्दाम मोठी काढतोय, म्हणजे तुला चष्मा लावून वाचता येतील आणि मास्तरांकडे न्यावं लागणार नाही. हे पत्र दुसऱ्या कोणाला दाखवू नकोस.

अडीच वर्षांत माझं हे पहिलंच पत्र. गेल्या शिमग्याला आलो होतो तेव्हा तू माझ्याशी चार शब्द बोलला नाहीस, तरी मी लिहितोय, एवढं ध्यानात घे. कुंदाची बारावीची परीक्षा आली आहे. पोरगी माझ्यासारखी तोंडाळ आणि आईसारखी हुशार निघाली. रुक्मिणीचे गुडघे दुखतात, पण कामाला उसंत नाही. कलमांना मोहर कसा आहे? तुडतुडे पडले असतील तर वेळेवर फवारणी करून घे.

गाडी बुधवारपासून गुजरातच्या नाक्यावर उभी आहे. विक्रोळीच्या कारखान्यातला माल घेऊन अहमदाबादला चालली होती. कागदाचा काहीतरी घोळ आहे. नॅशनल परमिटचं तुला ठाऊकच आहे, दरवर्षी एकेका राज्याचा ड्राफ्ट काढा, पुस्तकावर शिक्के घ्या, एखादा शिक्का पुसट उमटला तरी नाक्यावरचा साहेब गाडी बाजूला लावायला सांगतो. तू गोड बोलून सुटायचास. मला ते कधी जमलं नाही. तुझा चंदू गाडीजवळच थांबलाय. त्याची काळजी करू नकोस.

एक काम कर. पत्र मिळाल्याबरोबर मालवणला जानकीकडे जा आणि पंधरा दिवस तिकडेच राहा. बहिणीकडे जायला कारण लागत नाही. मागे कोणी पोलीस नाहीतर सरकारी माणूस सहदेव घाडी कुठे आहे विचारत आला, तर वहिनीने ‘माका म्हायत नाय’ एवढंच म्हणावं. आणि तिने कुठल्याही कागदावर अंगठा लावू नये. कोणीही कागद आणला तरी.

का, ते आत्ता विचारू नकोस. मिटलं की मी स्वतः येऊन सांगतो.

तुझा,
गुणाजी


मुलुंड (पश्चिम),
शुक्रवार, ता. १४ फेब्रुवारी १९८६

दादा,

हे पत्र राजारामच्या हाती देतोय. तो माझ्या शेजारच्या खोलीतला, आज संध्याकाळच्या एस.टी.ने कणकवलीला निघालाय, उद्या तुझ्या दारात येईल. पहिलं पत्र मिळालं असेल तर चुलीत घाल. जानकीकडे गेला असशील तर परत ये. मी तुला लपायला सांगत होतो, आणि ते तुझ्या भल्यासाठी नव्हतं.

समोर रुक्मिणी बसली आहे. तीन वेळा लिहून फाडलं, ती उठत नाही. ‘खरं लिवा, नायतर मी लिवतंय,’ म्हणते. तेव्हा लिहितो.

चंदू गाडीजवळ थांबलेला नाही. तो तिथल्या तालुक्याच्या कोठडीत आहे. आज दहावा दिवस.

आता पहिल्यापासून सांगतो, मध्ये थांबू नकोस. वापीजवळ तू गाडी खड्ड्यात घातलीस ते आठवतं ना? तुझी नजर कमी झाली होती, तू कबूल करत नव्हतास. मग चेकनाक्यावर, दहा ड्रायव्हर चहा पीत होते त्यांच्यासमोर मी म्हणालो की आंधळ्याला स्टिअरिंग कशाला पाहिजे, त्याला घरी बसवा. तू कप खाली ठेवलास आणि तिसऱ्या दिवशी वहिनीला घेऊन गावी गेलास. गाडी तुझ्या नावावर, परमिट तुझ्या नावावर. घेताना मीच म्हणालो होतो ना, घरात मोठा असताना धाकट्याचं नाव लावायचं नाही म्हणून! पुढे प्रत्येक कागदाला तुझी सही लागायला लागली आणि माझी जीभ काही वळेना. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर तू आला असतास. शिव्या घातल्या असत्यास, पण सही केली असतीस. हे मला तेव्हाही माहीत होतं.

वर्षभर तुझी सही मीच केली. बरी जमली होती. मग गेल्या वर्षी पाच वर्षांचं परमिट संपत आलं. ते पुन्हा करून घ्यायला ऑफिसातला नवा क्लार्क म्हणाला, परमिटधारकाला समोर आणा. माझ्या नावावर करून घ्यायचं तर तेव्हाही तू समोर हवास. बाहेर बसणारा एक एजंट आहे, सगळे त्याला भाऊ म्हणतात. त्याने पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, “घाडी, कशाला एवढं टेन्शन घेता? भावाला मारा ना कागदावर. धारक मयत झाला की गाडी ज्याच्या ताब्यात त्याच्या नावावर परमिट होतं. मेलेल्याला साहेब काय समोर बोलावणार नाही.”

मी हसलो, दादा. आधी हसलो.

परमिटधारक मेला की तीस दिवसांच्या आत कळवावं लागतं. तो हिशेब बघून भाऊने तारीख टाकली, ११ मार्च १९८५. दाखला त्यानेच कुठून तरी आणला, गोल शिक्क्यासकट. सरकारदरबारी तू तेव्हापासून गेलेला आहेस. परमिटाच्या पुस्तकात तुझ्या नावावर लाल शाईने रेघ आहे, वर ‘मयत’ लिहिलंय आणि खाली माझं नाव आहे.

वारसांची हरकत नाही असं लिहून द्यावं लागतं. वारस दोन, मुलगा आणि बायको. चंदूला मी कोरा स्टँपपेपर दिला, त्याने गाडीचं बोनेट टेकून त्यावर सही केली. काय आहे म्हणून विचारलंसुद्धा नाही. काकाने दिलाय ना, बस.

आणि वहिनी. गेल्या शिमग्याला मी आलो तो पालखीसाठी आलो नव्हतो. तू देवळात गेलास तेव्हा मी पिशवीतून कागद काढला आणि म्हणालो, वहिनी, रेशनकार्डाचं काम आहे. ती भाकऱ्या थापत होती. हात धुऊन आली. म्हणाली, “खंय लावू आंगठो? माका वाचूक येणा नाय, तू सांगतस तां बरोबरच आसतला.” मी तिचा अंगठा धरून शाईत बुडवला आणि दाबला. त्या कागदावर लिहिलं होतं की मी शेवंती, कै. सहदेव घाडी यांची विधवा. तिने शाई पदराला पुसली आणि मला गरम भाकरी वाढली. मी ती खाल्ली. आई गेल्यावर जिने मला लहानाचा मोठा केला तिच्या हातची भाकरी मी त्या दिवशी खाल्ली, आणि कागदाची घडी माझ्या खिशात होती.



वर्षभर काही झालं नाही. गाडी गेली, आली. मग त्या बुधवारी नाक्यावर एक नवा साहेब होता, कागद नीट वाचणारा. त्याने परमिटाचं पुस्तक उघडलं, चंदूचं लायसन्स शेजारी ठेवलं. चंद्रप्रकाश सहदेव घाडी. तो म्हणाला, “तेरा बाप मर गया तो परमिट तेरे नाम क्यों नहीं? चाचा के नाम कैसे?” क्लीनरने मला सगळं सांगितलं. आपला चंदू हसला रे. म्हणाला, “साब, मेरा बाप कायको मरेगा? अभी पिछले महिने कोकम भेजा उसने.” खरं बोलला आणि तिथेच अडकला. खोटी कागदपत्रं, त्यावर याचीच सही. गाडी जप्त झाली आणि याला आत घेतलं.

आता त्याहून वाईट सांगायचं आहे.

मंगळवारी मी त्याला भेटायला गेलो. वकील म्हणाला होता, तिथे जास्त बोलू नका. गजाआड चंदू, शेजारी हवालदार. सात दिवसांत पोराचे डोळे आत गेले होते. मला वाटलं आता माझी आयमाय काढेल. त्याने मला काहीच दोष दिला नाही. हळूच म्हणाला, “काका, खरं सांग ना. बाबा आहेत ना रे?”

मला कळेना हा काय विचारतोय. मग तोच बोलत राहिला. त्यांनी दाखला दाखवला, त्यावर शिक्का आहे, तारीख आहे. शिमग्याला तू एकटाच गेलास, मला भाड्यावर पाठवलंस. बाबांच्या हातचं पत्र दोन वर्षांत नाही. कोकम काय, आईनेसुद्धा पाठवलं असेल. “मला कळलं तर मी गाडी सोडून जाईन म्हणून लपवलंत ना?”

सात दिवस एकटा बसून त्याने हे सगळं जुळवलं होतं. ‘आहे’ एवढंच म्हणायचं होतं मला. हवालदार माझ्या तोंडाकडे बघत होता. मी ‘आहे’ म्हणालो असतो तर तिथेच मला आत ओढलं असतं. मी गप्प राहिलो, दादा. खाली मान घालून गप्प राहिलो. चंदू गज सोडून खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला. मी तसाच वळलो आणि स्टेशनवर आलो.

काल रुक्मिणी डबा घेऊन गेली. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं, तिला मी फक्त कागदाचा घोळ सांगितला होता. बांगड्याची कढी केली होती त्याच्यासाठी. त्याने डबा परत पाठवला. बाबांचं सुतक आहे म्हणाला. कोठडीत न्हावी येतो त्याच्याकडून त्याने डोकं भादरून घेतलंय. रुक्मिणी छाती पिटत घरी आली. दारातूनच, भावजी कधी गेले, मला का नाही सांगितलं! कुंदा रडायला लागली. शेजारची सुंदराबाई धावत आली आणि चुलीवरचं भांडं उतरवायला लागली. माझ्या घरात तुझं सुतक धरायला लागले, दादा, आणि मी मध्ये उभा. तेव्हा ओरडून सांगितलं. सगळं.  रुक्मिणीने कुंदाची वही आणि पेन माझ्यासमोर आपटलं.

सोमवारी मी तालुक्याला जाऊन जबाब देणार. सगळं मी केलं, चंदूला आणि वहिनीला काही ठाऊक नव्हतं, असं लिहून देणार. वकील म्हणतो माझ्या एकट्याच्या शब्दाने पोरगा सुटेलच असं नाही, काका पुतण्याला वाचवतोय म्हणतील. गुरुवारी, वीस तारखेला, कोर्ट आहे. त्या दिवशी तू तिथे उभा असायला हवास. रेशनकार्ड घे, जुनं लायसन्स घे, पोलीस पाटलाकडून दाखला घे. राजाराम तुम्हाला मंगळवारच्या गाडीने घेऊन येईल.

वहिनीलाही आण. पण आधी घरी बसवून हे पत्र तिला वाचून दाखव, काहीही गाळू नकोस. तिने सांगितल्याशिवाय मी तिच्यासमोर येणार नाही. मात्र मुलाचं भादरलेलं डोकं तिने अचानक बघू नये. तू तिच्या शेजारी असतानाही ते तिला सोसायचं नाही.

तुला वाटेल, याच्यासाठी मी का धावू? नको धावूस. मला आत टाकतील ते टाकू देत, मी वकीलही बदलणार नाही. तू मला भाऊ म्हणू नकोस, माझ्याकडे बघूसुद्धा नकोस. पण रागावून घरी बसलास तर तो दाखला खरा ठरेल. चंदूला मी आता हजारदा सांगितलं तरी तो माझं ऐकायचा नाही. त्याने मला विचारलं तेव्हा मी गप्प होतो, ते त्याने पाहिलंय. त्याला तूच दिसायला हवास. सुटका नंतर झाली तरी चालेल, पण बाप आहे हे त्याला गुरुवारी कळू दे.

ये रे दादा. पाया पडतो, ये.

तुझ्या जिवावर उठलेला,
तुझाच धाकटा
गुणाजी