तांदळाच्या पिठातले गोल कण

आई,

माझ्या डब्यातलं तांदळाचं पीठ काल प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तांदळाच्या बारीक, कोनेदार कणांत गव्हाचे मोठे गोल कण होते. विश्वास बसेना, म्हणून तीनदा पाहिलं. तुमच्या लेकाला विचारलं, तर म्हणतो, "अगं, मूठभरच घालते आई. बाळाला ताकद नको?"

म्हणजे त्यालाही माहीत होतं!

मला सीलिअ‍ॅक आहे, आई. गव्हाने माझी आतडी खराब होतात आणि खाल्लेलं बाळापर्यंत पोचत नाही. सहाव्या महिन्यातही त्याचं वजन वाढेना, म्हणून मी स्वतःलाच दोष देत होते.

रागावले नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल. अकराला सोनोग्राफी आहे. मी पुढे जाते, तुम्ही या. बाळाचं वजन डॉक्टरांच्या तोंडून तुम्हीच ऐका.