हत्यारांची पेटी

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. गुडघा कुरकुरतो, म्हणून खुर्चीतूनच घातलाय. गोड मानून घ्या.

मी मजेत आहे. ऑफिसात हल्ली प्रोग्राम यंत्रच लिहितं, आम्ही नुसते तपासतो. वीस जण होतो, चौघे उरलोय. काळजी नसावी, चौघांत मी आहे. साहेब म्हणाले, "तुम्हाला येतं ते सगळं यंत्राला शिकवा." इमानेइतबारे शिकवतोय. बकऱ्यानंच सुरीला धार लावून द्यावी, तसं.

तुमचा खोकला कसा आहे? आई औषध वेळेवर देते ना?

संध्याकाळी मी सुतारकामाच्या वर्गाला जातो. सूनबाईला सांगितलंय, छंद म्हणून. ती म्हणाली, "छंद आहे, तर रोज तोंड पाडून का येतोस?"

परवा फळी चार बोटं आखूड कापली. चूक मागे घ्यायचं बटण दाबायला बोटं आपसूक वळवळली. मास्तर हसले. तुम्ही टपली मारली असतीत, आणि मला ती हवी होती.

दहावीनंतर तुम्ही माझ्या हातात रंधा दिलात, तेव्हा मी म्हणालो होतो, "मी डोक्याचं काम करणार." तुम्ही अंगावरचा भुसा झटकलात आणि रंधा पेटीत ठेवलात.

गेल्या महिन्यात मीच फोनवर म्हणालो, ती पेटी नुसती अडगळ आहे, विकून टाका. आता उलटं सांगायला फोनवर आवाज फुटत नाही, म्हणून हे पत्र.

बाबा, पेटी विकू नका. विकली असेल, तर इतक्यात कळवू नका.

आईला नमस्कार.

तुमचा,
डोक्याचं काम करणारा थोरला