डावा हात विनीतचा, उजवा साहिलचा

मी, कुमारी तुळजाबाई श्रीपत उतेकर, वय एकाहत्तर, निवृत्त टंकलेखन शिक्षिका, राहणार महाड, मूळ गाव कापडे, तालुका पोलादपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या दहा बोटांनी टाइप करीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मागणाऱ्या वकिलाने स्वतःचा दाखवला नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. तशी हिंमत असलेला माणूस महाडात उरलेला नाही. सोमवारी माझ्या उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया आहे, पुढे डाव्याची. नंतर बोटे चालतील असे कोणी लिहून देत नाही, म्हणून हे आजच. याआधीची माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. बँकेतील ठेव रंगूबाईला द्यावी. अठ्ठावीस वर्षे तिने माझे घर सांभाळले आणि माझे बोलणे ऐकून घेतले. ठेव पहिल्या कामाची आहे. दुसऱ्याचा मोबदला देण्याइतकी माझी ऐपत नाही.

२. सात टाइपरायटरांपैकी पाच पुरात गेले. उरलेले दोन, तेलाची कुपी आणि स्क्रूड्रायव्हरांसह, बिरवाडीला क्लास चालवणारी माझी विद्यार्थिनी अंकिता हिला द्यावेत. ते हॉटेलात शोभेला ठेवलेले दिसले तर मी परत येईन.

३. श्री. गोमाजी कोंढाळकर यांनी १९८९ साली माझ्या समोरच क्लास काढला, बटणांवर अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि खाली बघून टाइप करणारी एक पिढी सरकारी कचेऱ्यांत घुसवली. त्यांना मी माफ करीत नाही. मी शिकले त्या पाचगणीच्या कॉन्व्हेंटात मनगट हलू नये म्हणून सिस्टर आमच्या मनगटावर चमचा ठेवून पियानो शिकवीत. चमचा पडला की जेवण तासभर उशिरा. गोमाजींच्या क्लासात एकही चमचा टिकला नसता.

४. आता बाजारपेठेतला माझ्या क्लासचा गाळा, ज्यासाठी सगळे हे मृत्युपत्र वाचणार आहेत. माझा भाऊ मुरारी वारला, त्याला सहा वर्षे झाली. त्याचे दोन मुलगे आहेत. विनीत मुंबईला कॉम्प्युटर कंपनीत आहे, साहिल बिरवाडीला कारखान्यात फिटर आहे. कापड्याच्या शेताची वाटणी झाली तेव्हा साहिलने बांध वीतभर सरकवला असे विनीत म्हणतो, आणि बांध पावसाने सरकला असे साहिल. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांनाही गाळा हवा आहे आणि दोघांनाही तो एकट्याला हवा आहे.

५. गेल्या वर्षी मी म्हणाले की सपाट कीबोर्डवर माझी मनगटे आता टिकत नाहीत. दोघांनी मला बरे वाटावे म्हणून घरी कीबोर्ड बनवले. गाळ्याचा विचार त्यांच्या मनात आलाच नसेल, असे मी मृत्युपत्रात लिहिणार नाही.

विनीतचा कीबोर्ड दोन तुकड्यांचा, मध्ये वायर. बटणांच्या रांगा बोटांच्या लांबीप्रमाणे खालीवर, अंगठ्याला तीन बटणे. हे मला पटले. अंगठ्याने आयुष्यभर फक्त जागा सोडली होती. पण पहिल्या नमुन्यात एकूण बटणे छत्तीस.

"आत्या, कमी बटणं म्हणजे बोटं कमी फिरतात. बाकीची अक्षरं लेयरवर आहेत."

"म्हणजे?"

"हे दाबून ठेवायचं, मग ते दाबलं की तिसरंच येतं."

"तसं माझ्याकडे पहिल्या आठवड्यात सगळ्यांचंच येतं," मी म्हणाले. दुसऱ्या नमुन्यात बावीस बटणे वाढली.

साहिलचा कीबोर्ड अखंड, पत्रा वाकवून घराच्या छपराच्या दोन पाख्यांसारखा उतरता केलेला, म्हणजे तळवे एकमेकांकडे बघतात आणि मनगट पिळत नाही. आतली प्रत्येक तार त्याने हाताने जोडली आहे. वजन चार किलो.

"आत्या, टायपिंग करताना हलणार नाय गो."

"मलाही हलवता येणार नाही."

"त्याचा तर फुंकरीनं उडंल," साहिल म्हणाला. 'त्याचा' म्हणजे सख्ख्या भावाचा.

६. दोन्ही कीबोर्ड मी महिनाभर वापरले. विनीतच्या डाव्या तुकड्यावर माझा हात लोण्यासारखा चालतो, उजव्यावर ठणकतो. साहिलच्या उजव्या पाख्यावर हात सुखात, डाव्यावर करंगळी पोचत नाही. कारण शोधले. विनीत माप घ्यायला आला तेव्हा माझ्या उजव्या मनगटाला पट्टा होता, म्हणून त्याने डावा हात कागदावर आखला आणि उजवा तसाच उलटा काढला. साहिल आला तेव्हा माझ्या डाव्या हातात चहाचा कप होता. त्याने उजवा हात खडूने पत्र्यावर आखला आणि डावा तसाच उलटा काढला. माझी डावी करंगळी लहानपणापासून आखूड आहे आणि उजवे मनगट वळत नाही, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. सख्खे भाऊ आहेत याचा मला याहून पक्का पुरावा नको.

शेवटी दोन्ही कीबोर्ड एकाच कॉम्प्युटरला लावले. डावा हात विनीतच्या तुकड्यावर, उजवा साहिलच्या पाख्यावर. हे मृत्युपत्र तसेच टाइप होत आहे.

७. सबब गाळा विनीत व साहिल यांना सामाईक, अविभक्त देत आहे. मध्ये भिंत, पडदा किंवा कपाट घालू नये. शटर एक, कुलूप एक. दोघांपैकी कोणीही वाटणी मागितली, हिस्सा विकला किंवा कोर्टात गेला, तर संपूर्ण गाळा माझ्या नावाच्या पाटीसह श्री. गोमाजी कोंढाळकर यांना जाईल. मुलांनो, मी हे करीन हे तुम्हाला माहीत आहे.

८. हे कलम टाइप करीत असताना दोघे निकाल ऐकायला आले आहेत आणि टेबलाच्या दोन बाजूंना उभे आहेत. नोंद राहावी म्हणून लिहिते.

साहिल: "आत्या, ह्याचा अर्धाच लावलायस गो?"

विनीत: "त्याला सांग, त्याचाही अर्धाच चाललाय."

मी: "मी पोस्टमन नाही."

मी टाइप करीत राहिले. विनीतचा तुकडा वायरीच्या ताणाने दर ओळीला मागे ओढला जात होता.

साहिल, विनीतकडे बघून: "वायर तोकडी हाय तुझी."

विनीत: "मग?"

साहिल: "मग काय मग. जोड देतो. धर हिकडून."

विनीत: "ओढू नको रे, सोल्डर निघंल!"

(येथून पुढचा मजकूर माझ्या हस्ताक्षरात आहे, कारण दोघे टेबलाखाली शिरले असून विनीतची वायर त्यांनी काढली आहे. मनगट दुखत आहे. त्यांना थांबवलेले नाही. कलम ७ कायम.)

सही: तुळजाबाई श्रीपत उतेकर

आम्हा दोघींसमक्ष सही झाली, तेव्हा लाभार्थी टेबलाखाली भांडत होते:
१. डॉ. स्नेहल शेलार, महाड
२. श्रीमती बनुबाई साळेकर, दासगाव

स्थळ: महाड
दिनांक: १२ डिसेंबर २०२४